आर्व्हो मॅटिला शूट करत नाही

चिन्मय आणि ईरा,

परवा तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं, की टीव्हीवर आइस हॉकी चालू असली की आजी फोन उचलत नाही. तुम्ही दोघं हसलात. ईराने विचारलं, "आजी, तुला त्यातलं काय कळतं?" प्रश्न योग्य आहे. मला एकाच माणसाची हॉकी कळते. तो आता खेळत नाही, म्हणून मी इतरांची बघते आणि त्या जागी त्याने काय केलं असतं याचा विचार करते. उत्तर बहुधा एकच येतं. त्याने पास दिला असता.

त्याचं नाव आर्व्हो मॅटिला. इथे पार्सिपनीला तुमच्या आत्याकडे येण्याआधी मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहत होते हे तुम्हाला माहीत आहे. तिथे तो माझा शेजारी होता. आइस हॉकी हीच त्याची नोकरी होती. या खेळात चेंडू नसतो, रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. मधोमध खेळणारा तो सेंटर. काही सेंटर स्वतः गोल करतात, काही दुसऱ्यांकडून करवून घेतात. आर्व्हो दुसऱ्या प्रकारचा होता. तो ज्या संघाकडून खेळायचा त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांच्या मॅनेजरबद्दल पुढे मला बरं बोलता येणार नाही.

मॅटिला मंडळी आली तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता आणि एकटीसाठी केलेला फराळ संपत नव्हता. मी स्टीलचा डबा शंकरपाळ्यांनी भरला आणि शेजारी गेले. दार उघडलं त्याने. फार उंच नाही, नाक डावीकडे वळलेलं, आवाज वाचनालयात बोलावं तसा. मागे त्याची बायको जोआन आणि तिसरीतली मुलगी ग्रेटा. स्वयंपाकघरात खोकीच खोकी, आणि टेबलावर तीनच बशा.

"बसा, मिसेस कर्वे," तो म्हणाला. मग शंकरपाळ्यांकडे बघून त्याने पुढचे दोन दात काढले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. "माफ करा. कडक असलं तर हे टिकत नाहीत."

माझे शंकरपाळे खुसखुशीत असतात. मी डबा पुढे केला. एक खाऊन त्याने बोटांनी टेबलावर दोनदा टकटक केलं. मला वाटलं, काहीतरी चुकलं.

"टाळ्या आहेत त्या," ग्रेटा म्हणाली. "ते बर्फावर काठी आपटतात ना, तसं."

मुलीच्या अंगात घरातही कोट होता. मी जोआनला विचारलं, हीटर चालत नाही का. ती म्हणाली, हीटर उत्तम आहे. ग्रेटा नव्या गावात कोट काढत नाही. शाळेतही नाही. मागच्या गावात वर्ष संपत आलं तेव्हा काढला होता, आणि पुढच्याच आठवड्यात आर्व्होची बदली झाली.

बदली हा शब्द माझा. ते लोक ट्रेड म्हणतात. माझे वडील सरकारी नोकरीत जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले, म्हणून मला वाटायचं मला बदल्या समजतात. पण वडिलांना आधी हुकूम यायचा, कचेरीत निरोपाचा चहा व्हायचा, कुणीतरी नारळ द्यायचं. आर्व्होला फोन यायचा आणि संध्याकाळच्या विमानाने जावं लागायचं. बायको आणि मुलगी मागाहून, खोकी घेऊन. खोकी चांगली जाड होती आणि तीच तीच वापरात होती. प्रत्येकावर जोआनने काळ्या मार्करने गावाचं नाव लिहिलेलं, मग त्यावर काट, खाली पुढचं गाव. रॉचेस्टर, टक्सन, प्रॉव्हिडन्स, फिनलंडमधलं टॅम्पेरे, ड्यूलूथ, आणि सगळ्यांत खाली, अजून काट न मारलेलं, नोव्हाय.

एक खोकं कपाटावर ठेवलेलं होतं. त्यावरची चिकटपट्टी जुनी पिवळी पडलेली. मी विचारलं, यात काय?

"कप. माझ्या आजीने लग्नात दिलेले," जोआन म्हणाली. "राहायला जाऊ तेव्हा काढीन."

"मग आत्ता?"

"आत्ता आम्ही इथे खेळायला आलोय."

निघताना मी आर्व्होला सांगितलं, की डब्याची घाई नाही. त्याने झाकणावर बोट फिरवून विचारलं, हे काय कोरलंय? मी म्हटलं, माझं नाव, म्हणजे हरवला तरी परत येतो. "जर्सीसारखं," तो म्हणाला. मग मी आपली पद्धतही सांगून ठेवली, की आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. त्याने मान हलवली. खेळाचा नियम समजावून घ्यावा तशी.

पुढे आठवडे गेले, डबा आला नाही. तुम्हाला ठाऊक आहे, माझ्याकडे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. फडताळात त्या डब्याची जागा रिकामी दिसायची. मागायला जाणं बरं दिसत नव्हतं. जानेवारीत आमच्याच रस्त्यावरची शिल्पा देशमुख दारात उभी. ती आणि तिचा नवरा नागपूरचे, नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, आणि शिल्पाला नुकतंच बाळ झालं होतं. तिच्या हातात माझा डबा.

"काकू, हा तुमचाच ना? यावर तुमचं नाव कोरलंय. मी तर टोटल कन्फ्यूज झाले यार."

"तुझ्याकडे कसा आला?"

"ते हॉकीवाले देऊन गेले. आत गोड ब्रेड होता, वेलचीचा. काकू, खरं सांगते, बाळ झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी केलेलं आयतं खाल्लं मी. आईचा व्हिसा रिजेक्ट झाला ना. मी रडलेच. ते बिचारे घाबरले आणि टेबलावर दोनदा टकटक करून निघून गेले."

डब्यात शिल्पाने सुधारस घालून आणला होता. मला सुधारस आवडत नाही, पण तो मुद्दा नाही. मी आर्व्होला गाठलं. तो बर्फ काढत होता.

"मिस्टर मॅटिला, डबा देणाऱ्याला परत करायचा असतो. तिसऱ्याला नाही."

त्याने फावडं थांबवलं. "रिकामा द्यायचा नाही, एवढंच म्हणाला होतात."

"ते गृहीत असतं."

"तुमच्याकडे दिला असता तर तुम्ही तो धुऊन कपाटात ठेवला असता," तो म्हणाला. "ती जास्त चांगल्या जागी होती."

हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. का दिलास, असं कुणीही, कशाबद्दलही विचारलं की हेच. त्यानंतर माझा डबा त्या रस्त्यावर घरोघर फिरत राहिला आणि मी त्याची फडताळातली जागा लोणच्याच्या बरणीला दिली. ब्रेडमध्ये वेलची कशी, हेही मी विचारलं होतं. त्याच्या फिनिश आजीची कृती. वेलची मुळात आमच्याकडून गेली असणार, असं मी नोंदवलं. तो म्हणाला, शक्य आहे, चांगला पास होता.

त्याच्याविषयीचं बाकीचं मला असंच बर्फ काढता काढता कळलं. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, तांब्याची खाण बंद पडलेल्या गावात तो वाढला. वडील अंगणात पाइपने पाणी सोडायचे, सकाळी त्याचा बर्फ झालेला असायचा. चार भाऊ, सगळे मोठे, हा शेवटचा आणि किरकोळ. पक जवळ ठेवला की भाऊ अंगावर यायचे, म्हणून आला की लगेच देऊन टाकायचा, आणि कुणाला देणार ते डोळ्यांत दिसू द्यायचं नाही. पुढे वर्तमानपत्रांनी याला दृष्टी म्हटलं, प्रतिभा म्हटलं.

"तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"बरगड्या वाचवणं," तो म्हणाला.

मोठ्या लीगमध्येही तो काही मोसम खेळला. तिथे त्याच्या डाव्या बाजूला एक उंच खेळाडू असायचा. आर्व्होच्या पासांवर त्याने इतके गोल केले, की त्याचं पोस्टर निघालं. पोस्टरच्या कोपऱ्यात एक कोपर दिसतं. ते आर्व्होचं. जोआनने ते गॅरेजमध्ये लावलं होतं, कोपरासाठी. पोस्टर निघालं त्याच उन्हाळ्यात मॅनेजरने ठरवलं, की आपल्याला स्वतः गोल करणारा सेंटर हवा, आणि आर्व्होला फोन आला. मग पुढचं गाव. सगळीकडे क्रम सारखाच. पहिल्या वर्षी म्हणत, असे पास आम्ही पाहिले नाहीत. दुसऱ्या वर्षी म्हणत, हा शूट का करत नाही?

नोव्हायला आला तेव्हा तो धाकट्या लीगमध्ये होता आणि वयाने संघात सगळ्यांत मोठा.

पहिला सामना बघायला मी जोआन आणि ग्रेटाबरोबर गेले. मी थर्मासमध्ये चहा नेला होता. तो दारावर ठेवून घेतला गेला, त्याची पावती दिली नाही. आत बर्फ, ढोल, आणि आठ-दहा माणसं इतक्या वेगाने इकडून तिकडे, की मला पक एकदाही दिसला नाही.

"पक बघू नका, कर्वे आजी," ग्रेटा म्हणाली. आजी हा शब्द तिला शिल्पाने शिकवला होता. "डॅडचं डोकं बघा. ते जिकडे बघतात तिकडे पक जात नाही."

मी डोकं बघायला लागले आणि खेळ एकदम समजला. तो डावीकडे बघायचा, सगळे डावीकडे धावायचे, पक उजवीकडच्या माणसाच्या काठीवर जाऊन बसलेला. घरीही तो असाच होता. जेवताना तुम्ही मीठ शोधत असलात, की तो खिडकीबाहेर बघायचा आणि मिठाची बाटली तुमच्या हातात असायची.

त्या दिवशी त्याच्या पासावर गोल झाला. लोक उठून ओरडले, गोल करणाऱ्याच्या अंगावर सगळे पडले. आर्व्होने काठी दोनदा बर्फावर आपटली आणि जाऊन बाकावर बसला. लाउडस्पीकरवर आधी गोल करणाऱ्याचं नाव, मग त्याचं. मी परतताना त्याला म्हटलं, काम तुमचं आणि नाव मात्र दुसऱ्याच्या नंतर, हे बरोबर नाही.

"नंतर का होईना, येतं तरी," तो म्हणाला.

दुसऱ्या हिवाळ्यात संघाला नवा मॅनेजर आला. त्याने आर्व्होला बोलावून सांगितलं, की तू शॉट मारायला लाग, नाहीतर मार्चमध्ये मी काय करीन ते तुला माहीत आहे. मार्चमध्ये एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी दुपारपर्यंत संघ आपापसात माणसं बदलतात, नंतर मोसम संपेपर्यंत नाही.

हे मला जोआनने सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, चहा घेताना. कपाकडे बघत म्हणाली, "मी त्याला सांगून टाकलंय. या वेळी फोन आला तर त्याने जावं. मी आणि ग्रेटा जाणार नाही."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? ऐकून घेतलं. मिसेस कर्वे, ग्रेटाने मागच्या आठवड्यात शाळेत कोट काढला. स्वतःहून. हुकाला अडकवला. टीचरने मला फोन करून सांगितलं. तिला वाटलं, लहानशीच गोष्ट आहे, पण सांगावी."

त्या आठवड्यापासून रोज दुपारी आर्व्हो त्याच्या अंगणात गॅरेजच्या दारावर पक मारायला लागला. धाड. धाड. शेजारपाजारच्या कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांकडे माझा डबा येऊन गेला होता. एक पक दारावरून उसळून माझ्या पत्रपेटीला लागला आणि पेटी मान टाकल्यासारखी वाकली. तो धावत आला.

"सॉरी. नेम लागत नाही."

"पण तुम्ही मुलांना शिकवता तेव्हा बरोबर लागतो," मी म्हटलं. रविवारी तो रिंकवर मुलांना फुकट शिकवायचा, ते मी पाहिलं होतं.

"तिथे गॅरेजचं दार नसतं. तिथे माणसं असतात."

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी इथेच सामना होता. आम्ही तिघी गेलो. शिल्पाही आली, बाळाला नवऱ्याकडे देऊन. मॅनेजर वर काचेच्या खोलीत बसला होता, तो आम्हाला दिसत होता. दोन्ही संघांचे गोल सारखे होते आणि खेळ संपत आला होता. तेव्हा आर्व्होकडे पक आला आणि त्याच्यापुढे कुणीच नव्हतं. एकटा गोलरक्षक, तोही एका बाजूला सरकलेला. उरलेलं जाळं मलाही दिसलं, आणि मला पक दिसत नाही हे मी आधी सांगितलं आहे.

सगळं स्टेडियम "शूट!" म्हणून ओरडलं. जोआन, जी कधी ओरडत नसे, ती उभी राहिली. शिल्पा ओरडली, "मार ना यार!" मीही काहीतरी ओरडले. मराठीत ओरडले असं ग्रेटाने नंतर सांगितलं.

आर्व्होने काठी उचलली. जाळ्याकडे बघितलं. तो जिकडे बघतो तिकडे पक जात नाही.

पक गेला मागून येणाऱ्या एका नव्या पोराकडे. त्याचा तो पहिलाच मोसम होता. त्याच्यासमोर पूर्ण जाळं मोकळं, आणि त्याने लीगमधला आपला पहिला गोल केला. संघ जिंकला. आर्व्होने काठी दोनदा आपटली, मग जाळ्यात जाऊन तो पक उचलला आणि त्या पोराच्या हातात दिला. पहिल्या गोलाचा पक जपून ठेवतात, तशी पद्धत आहे. जोआन बसली. तिने पर्स उघडली, बंद केली, आणि म्हणाली, "चला, पार्किंगमध्ये गर्दी होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर दोनदा टकटक झालं. आर्व्हो होता. त्याने विचारलं, तुमच्या टेबलाशी बसून फोन करू का, घरी ग्रेटा आहे. फोन त्याला आधीच येऊन गेला होता. पश्चिमेकडचं कुठलंसं गाव, विमान संध्याकाळचं. मी चहा ठेवला आणि पाठ करून उभी राहिले, पण माझं स्वयंपाकघर मोठं नव्हतं.

"हो," तो फोनवर म्हणाला. "हो, मला समजतं. नाही, मी येत नाहीये. हो, म्हणजे काय होतं ते माहीत आहे. संपलं." मग बराच वेळ पलीकडचा माणूस बोलत होता. शेवटी आर्व्हो म्हणाला, "तुमच्याकडे कुणीतरी असेल. तो जास्त चांगल्या जागी असेल," आणि फोन ठेवला.

मी चहा दिला. त्याने शर्टाच्या खिशातून दात काढून बघितले आणि परत ठेवले.

"काल शूट केलं असतं तर फोन आला नसता," मी म्हटलं. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

"मला जाळं दिसलं होतं," तो म्हणाला. "हातांना दिसलं नाही."

अशी त्याची कारकीर्द माझ्या टेबलाशी संपली. निरोपाचा चहा झाला, एवढं मी म्हणू शकते. नारळ घरात नव्हता.

पुढे तो रिंकवर मुलांना शिकवायला लागला आणि स्केट्सना धार लावायच्या दुकानात बसायला लागला. पालकांची तक्रार असायची, की आमची मुलं शूट करत नाहीत. ग्रेटा कोटाशिवाय उंच झाली. पण खोकी त्याने टाकली नाहीत. दुमडून, गावांची नावं बाहेर ठेवून, पोस्टरच्या खाली रचून ठेवली होती. दर सप्टेंबरला कुठल्यातरी संघाचा फोन यायचा, एखाद्या मोसमापुरतं ये म्हणून, आणि तो लगेच नाही म्हणायचा नाही. दोन दिवस विचार करायचा. ते दोन दिवस जोआन माझ्याकडे चहाला यायची.

"ती खोकी गॅरेजमध्ये आहेत तोवर मी माझे कप काढणार नाही," ती म्हणायची. तिचं ते खोकं कपाटावर तसंच होतं, पिवळ्या चिकटपट्टीचं.

मग मीच घर विकलं. गुडघे जिना चढायला नको म्हणत होते आणि तुमची आत्या ऐकत नव्हती. ज्या रस्त्यावर कोण येतं-जातं याचा हिशोब मी ठेवायचे, तिथून मीच निघाले. सप्टेंबर होता. सामान नेणाऱ्या लोकांनी पुठ्ठ्याची पातळ खोकी पाठवली होती. आर्व्होने ती बघितली, घरी गेला, आणि आपली सगळी खोकी काखेत घेऊन आला.

माझं स्वयंपाकघर त्याने बांधलं. ताटं उभी ठेवायची, आडवी ठेवली की फुटतात. पेले मोज्यांत घालायचे. मी आयुष्यभर घर नीट ठेवलं, पण ते इतक्या नीट हलवता येतं हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक खोक्यावर त्याने नोव्हायवर काट मारली आणि खाली पार्सिपनी लिहिलं. शेवटचं खोकं इतरांपेक्षा लहान होतं. कडेला पिवळी चिकटपट्टी अर्धवट सोललेली. त्यात त्याने माझ्या बरण्या भरल्या.

"मिस्टर मॅटिला, ही खोकी तुम्हाला लागतील," मी म्हटलं.

"नाही लागणार," तो म्हणाला. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. वाकलेल्या पत्रपेटीकडे बघत होता.

मी त्याला डबा दिला. सकाळी चिवड्याने भरून ठेवला होता.

"हा कुणाला द्यायचा?" त्याने विचारलं.

"माझ्या घरात येतील त्यांना. रिकामा परत घेऊ नका."

त्याने झाकणावर दोनदा टकटक केलं.

तुमच्या आत्याने गाडी सुरू केली. वळणावर मी मागे बघितलं. आर्व्हो माझ्या अंगणात डबा काखेत धरून उभा होता आणि भलतीकडेच बघत होता. पलीकडे त्यांच्या पायरीवर जोआन बसली होती, कॉफी पीत. तिच्या हातातला कप निळ्या काठाचा होता. इतक्या वर्षांत तो मी कधी पाहिला नव्हता.